लेण्यांवरची अक्षरे

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकवली. मला फार तर फळ्यावर लिहिता येते. त्या म्हणाल्या, "मग फळ्यावर लिहिता येईल असेच काही सांगा." तेव्हा आज मी अक्षरांविषयीच बोलणार आहे, पण मुळाक्षरांविषयी नव्हे. दगडावर कोरलेल्या आणि शेकडो वर्षे कोणालाही वाचता न आलेल्या अक्षरांविषयी. आणि ती वाचता येत नसताना भल्याभल्या विद्वानांनी काय काय ठोकून दिले, त्याविषयी. त्या ठोकून देणाऱ्यांत एक मीही आहे, म्हणून आधी माझीच चूक सांगते.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी मोखाड्याकडच्या एका शाळेत होते. सहल काढली ती त्र्यंबकेश्वरावरून नाशिकला. गोदावरी झाली, काळाराम झाला, आणि परतताना पांडवलेणी. दोनेकशे पायऱ्या चढून वर गेल्यावर मुले दमली, मीही दमले. एका लेण्याच्या ओसरीत बसून मी गोष्ट सांगितली. माझ्या आजीने मला सांगितली होती तीच. पांडव वनवासात असताना भीमाने एका रात्रीत ही लेणी खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अपुरे राहिले. मुले खूश झाली. एक मुलगी मात्र भिंतीकडे बघत उभी होती. तिने विचारले, "बाई, हे वर काय लिहिलंय?" मी वर पाहिले. अगदी छताखाली ओळीच्या ओळी कोरलेल्या. मी म्हटले, "ती देवाची लिपी. ती कोणाला वाचता येत नाही." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग लिहिलंय कशाला?"

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरी लाजेची गोष्ट अशी की त्या वेळी ती अक्षरे वाचून शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली होती. मला माहीत नव्हते, एवढेच. आणि माहीत नाही असे कबूल करण्याऐवजी मी ती देवाच्या माथी मारली.

पुढे निवृत्त झाल्यावर मी हा विषय हाती घेतला आणि माझे मला जरा समाधान वाटले. कारण माझ्यासारखीच चूक करणारी माणसे साधीसुधी नव्हती.

मुंबईजवळ घारापुरी आणि कान्हेरी ही लेणी आपल्याला ठाऊक आहेत. पोर्तुगीज लोक येथे आले तेव्हा त्यांना ती पाहून नवल वाटले. गार्सिया द ओर्ता म्हणून त्यांचा एक वैद्य होता. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. घारापुरीचे काम चिनी लोकांचे असावे असे काही जण म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. घारापुरीला एक लेख कोरलेला दगड होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे, पाठवला. राजाने तो वाचणारा माणूस पुष्कळ शोधला. मिळाला नाही. आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला. त्यावर काय होते हे आता कोणालाही कळावयाचे नाही. कोरणाऱ्याने तो हजार वर्षे टिकावा म्हणून दगडावर कोरला, आणि तो हरवला तो जिज्ञासू माणसांच्या हातून!

त्यानंतर आणखी तर्क निघाले. कोणी म्हणे ही लेणी सिकंदराने कोरवली. सर विल्यम जोन्स हे तर केवढे पंडित! शाकुंतल त्यांनी इंग्रजीत नेले, कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढली. त्यांनी १७८६ सालच्या व्याख्यानात असा विचार मांडला की ज्या हातांनी मिसर देशातले पिरॅमिड उभारले, त्याच लोकांच्या हातची कान्हेरीची लेणी असावीत. अक्षरांतही त्यांना हबशी वळण दिसले. चिनी, यवन, मिसरी, हबशी, आणि आपल्याकडे पांडव. सगळ्यांची नावे झाली. येथल्याच कोणा माणसांनी, येथल्याच पैशाने, छिन्नी-हातोड्याने वर्षानुवर्षे खपून हे केले असेल, एवढे मात्र कोणाच्या मनात येईना.

आता ह्या सगळ्यांवर ताण म्हणावी अशी गोष्ट ऐका. पेशव्यांच्या दरबारी पुण्याला सर चार्ल्स मॅलेट नावाचे इंग्रज वकील होते. त्यांनी वेरूळ वगैरे ठिकाणच्या लेखांचे ठसे घेतले. ते फिरत फिरत काशीला कॅप्टन विल्फर्ड नावाच्या साहेबाकडे गेले. विल्फर्ड संस्कृताचा मोठा शोकी. त्याने खूप डोके खाजवले, पण अक्षर लागेना. तेवढ्यात एक वृद्ध पंडित भेटला. त्याच्याजवळ म्हणे एक प्राचीन पोथी होती आणि तीत भारतातल्या साऱ्या जुन्या लिप्यांची किल्लीच दिलेली! साहेबाला आनंद झाला. पोथी उघडली, अक्षरे लावली, आणि अर्थ काय निघाला? पांडव वनवासात होते, त्यांना लोकांशी बोलावयाची बंदी होती. म्हणून विदुर आणि व्यास यांनी रानातल्या खडकांवर ठरलेल्या सांकेतिक अक्षरांत त्यांना निरोप लिहून ठेवले, ते हे लेख! हे सर्व एशियाटिक सोसायटीच्या विद्वत्ताप्रचुर ग्रंथात गंभीरपणे छापून आले.

म्हणजे पाहा, माझी आजी म्हणत होती पांडव आणि इंग्रज साहेबही म्हणाला पांडव. फरक एवढाच की आजीने त्याचे पुस्तक छापले नाही. ह्याच विल्फर्डला त्याच्या दुसऱ्या एका कामात पंडिताने पोथ्यांत खाडाखोड करून, हवे ते श्लोक घुसवून फसवले होते; हे लक्षात आल्यावर त्याने ते छापील कबूल केले. त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्या पंडिताचाही मी विचार करते. साहेबाला काय ऐकावयाचे आहे हे त्याने नेमके ओळखले होते. ज्याला उत्तराची फार घाई झालेली असते त्याला पोथी देणारा कोणी ना कोणी भेटतोच.

खरी किल्ली सापडली ती अगदी साध्या ठिकाणी. कलकत्त्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचे अधिकारी होते. नाण्यांच्या नादाने ते जुन्या अक्षरांकडे वळले. १८३७ साली त्यांच्यापुढे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरचे बारीकसारीक लेखांचे ठसे आले. प्रत्येक लेख एका ओळीचा, आणि गंमत अशी की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे. प्रिन्सेपनी मोठ्या गोष्टी मनात आणल्या नाहीत. देवळाच्या पायरीवर, घंटेवर, दिवेलागणीच्या समईवर लोक काय कोरतात? अमक्याने दिले. मग ती दोन अक्षरे 'दानं' असली पाहिजेत. आणि त्यांच्या आधी येणारे 'स' म्हणजे 'अमक्याचे'. एवढे लागले आणि हां हां म्हणता ब्राह्मी लिपीची बाराखडी उलगडली. पुढे अशोकाचे लेखही वाचता आले. अतिश्रमाने हा माणूस १८४० साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गेला.

बायांनो, व्यास-विदुरांचा गुप्त निरोप नव्हता तो. देणगीदारांची यादी होती! आपल्या मंडळाच्या सभागृहात भिंतीवर संगमरवरी पाटी आहे ना, तशीच.

आपल्या बाजूचे लेख वाचण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि त्यांच्याकडे काम केलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी फार कष्ट घेतले. भगवानलाल मूळचे जुनागढचे. लेण्यांतून हिंडून, ठसे घेऊन त्यांनी लेख लावले. हॉलंडमधल्या लायडनच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याला एक टेकाड खणले. त्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. कोणे एके काळी बांबूची सुपे-टोपल्या विणणारा राजा होऊन गेला, त्याचा हा किल्ला, अशी गोष्ट. खणले तर आत कोट नव्हे, स्तूप. दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक अशा आणखी डब्या, सर्वांत आत सोन्याची, आणि तीत मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. बाहेरून आठ छोट्या बुद्धमूर्ती. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली नवव्याचाही सापडला. परदेशातले काही विद्वान मात्र सोपारे म्हणजे बायबलातल्या सोलोमन राजाला सोने पुरवणारे ओफीर बंदर, ह्याच तर्कात रमले होते. बुरुड राजा काय आणि सोलोमन काय! माझ्या मते बुरुड राजाच त्यातल्या त्यात बरा. निदान तो येथला तरी होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. लेण्यावर लिहिले तरी काय होते?

मी तिला जिथे उत्तर दिले त्या लेण्याला आता दहावे लेणे म्हणतात. त्याच्या ओसरीतल्या लेखात उषवदाताची, म्हणजे ऋषभदत्ताची, नोंद आहे. तो क्षत्रप नहपान राजाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने काय काय दान केले ते लिहिले आहे, आणि ते वाचताना मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या नद्यांवर त्याने फुकट उतार सुरू केले, म्हणजे धर्मार्थ होड्या. आणि ह्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर लोकांना टेकावयाला जागा आणि पाणपोया बांधल्या. दमणा म्हणजे आपली दमणगंगा. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. पारादा ती पार नदी. आपली वाघ नदी मोखाड्यातून वाहत जाऊन दमणगंगेलाच मिळते. म्हणजे भीमाची गोष्ट सांगत मी ज्या भिंतीला टेकून बसले होते, त्या भिंतीवर आपल्या घरची नदी लिहिलेली होती! चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरणाऱ्या ज्या बायका येथे बसल्या आहेत, त्यांना पाणपोई ह्या शब्दाचे मोल मी काय सांगावे. सोपाऱ्याचेही नाव त्यात आहे. तेथल्या आणि आणखी काही ठिकाणच्या साधूंसाठी एका गावची ३२,००० नारळीची झाडे दिल्याची नोंद आहे. ते गाव उंबरगावजवळचे नारगोळ असावे असे विद्वान मानतात.

बचतगटाच्या भगिनींसाठी आणखी एक सांगते. उषवदाताने गोवर्धन गावच्या विणकरांच्या संघांकडे ३,००० कार्षापण ठेव ठेवली. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२. करा हिशेब, बरोबर जुळतो. उरलेले १,००० पाऊण टक्क्याने, म्हणजे वर्षाचे ९०, किरकोळ खर्चाला. आणि अट अशी की मुद्दल कधी मोडावयाचे नाही, नुसते व्याज खावयाचे. त्याला त्यांनी अक्षयनीवी म्हटले आहे. मुद्दल न मोडण्याचा ठराव आपल्या गटाने केला तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवते ना? तो वाद बराच जुना आहे म्हणावयाचा.

आणि त्याच ओसरीत, खोलीच्या दारावर एक लहानसा लेख आहे. ही ओवरी दक्षमित्रेचे दान. नहपानाची मुलगी, दीनिकपुत्र उषवदाताची बायको. बस्स, एवढेच. पण नवऱ्याच्या भल्या मोठ्या लेखाच्या शेजारी तिने आपल्या नावाने आपली खोली दिली आणि आपल्या नावाने लिहून ठेवले. लेखात शब्द आहे 'ओवरक'. आपण देवळात ओवरी म्हणतो ती हीच. आणि 'लेण' हाही शब्द तेथे दगडात आहे. आपल्या तोंडचा शब्द दोन हजार वर्षे तेथे कोरलेला, आणि मी त्याला देवाची लिपी म्हणाले!

मग मला चाळाच लागला. नाशिकच्या चैत्यगृहावर भट्टपालिका नावाच्या बाईचे नाव आहे. ती एका भांडारिकाची, म्हणजे खजिनदाराची, बायको आणि कपणणकाची आई, आणि ते चैत्यगृह तिने पुरे करविले. दहाव्या लेण्यातच पुढच्या काळातला, ईश्वरसेन आभीराच्या नवव्या वर्षाचा, आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने वेगवेगळ्या कारागिरांच्या संघांत रकमा ठेवल्या, त्यांत तेल गाळणाऱ्यांचाही संघ आहे. कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री. गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे भिक्षूंना दिले. मुलगा गेल्यावर आईने लिहवलेला लेख आहे तो. त्याचे पराक्रम त्यात सांगितले आहेतच, पण तो आईची सेवा कधी न चुकवणारा होता, हेही म्हातारीने विसरू दिलेले नाही. कान्हेरीलाही भिक्षुणींची आणि गृहस्थांच्या बायकांची दाने पुष्कळ आहेत.

आता सांगा, ह्या सगळ्या बाया होत्या कोठे? भीम लेणी खोदत होता, सिकंदर खोदत होता, मिसरी खोदत होते, तोवर दक्षमित्रेला कोणी विचारले नाही. तिचे नाव डोळ्यांसमोर होते. पण ते नाव आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

हे आपल्याकडेच झाले असे समजू नका. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मध्य अमेरिकेत, माया नावाचे लोक आहेत. आजही आहेत. मक्याची भाकरी खाणारे, आपल्यासारखेच शेतकरी. त्यांच्या पूर्वजांनी रानात मोठमोठी दगडी नगरे बांधली आणि दगडावर आणि सालीच्या कागदावर चित्रासारख्या अक्षरांत लिहिले. स्पॅनिश लोक गेले तेव्हा दियेगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने १५६२ साली मनी गावात त्यांच्या पोथ्या सैतानाच्या म्हणून जाळल्या. त्याच्याच हिशेबाने २७. आणि पुढे ह्याच गृहस्थाने त्या लोकांच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहिला आणि त्यात त्यांची मुळाक्षरे टिपून ठेवली! ती कशी टिपली ते पाहा. त्याने एका जाणत्याला बसवून म्हटले, आमचे 'बे' लिही, 'से' लिही. त्या माणसाला वाटले, हा आवाज लिहावयास सांगतो आहे. त्याने 'बे' ह्या उच्चाराचे चिन्ह काढले. लांदाला वाटले हे ब अक्षर. माया लोकांचे लिहिणे आपल्या बाराखडीच्या वळणाचे, एका चिन्हात व्यंजन आणि स्वर मिळून. आपल्याकडची दुसरीतली पोरसुद्धा ते समजली असती. पण सुटी अक्षरे मांडणाऱ्याला कसे कळावे?

१८६२ साली ब्रासर नावाच्या फ्रेंच पाद्र्याला तो ग्रंथ माद्रिदला सापडला. त्याने ती मुळाक्षरे एका माया पोथीला लावली आणि त्याला तीत समुद्रात बुडालेल्या एका खंडाची कहाणी दिसू लागली. विल्फर्डची आणि ह्याची जन्मपत्रिका एकच असावी. दुसऱ्या एकाने माया लोकांची राणी मिसर देशात नेऊन पोचवली. तिसऱ्याने नक्षीत हत्ती पाहिले. त्या देशात हत्ती नाहीत. त्या शेतकऱ्यांच्या बापजाद्यांनी हे बांधले असेल हे मानावयास पुष्कळ जण कबूलच नव्हते. पुढे विसाव्या शतकात एरिक टॉम्प्सन नावाचे खरोखरीचे विद्वान झाले. त्यांनी सांगितले, ही अक्षरे उच्चारांची नव्हेत, ह्यांत राजांचा इतिहास नाही. हे शांत वृत्तीचे पुरोहित होते, ते केवळ ग्रह आणि काळ मोजत. त्यांचा दबदबा एवढा की १९५२ साली युरी क्नोरोझोव नावाच्या रशियन तरुणाने ही उच्चारांची बाराखडी आहे असे दाखवले, तर त्याची थट्टाच झाली. तो तरुण बरोबर होता.

पण मला तुम्हांला सांगावयाचे आहे ते एका बाईविषयी. तातियाना प्रॉस्कुरिआकॉफ. जन्म रशियातला, वाढली अमेरिकेत. शिक्षण घरे बांधण्याच्या आराखड्यांचे. नोकरी मिळेना, म्हणून पडक्या माया नगरांची चित्रे काढण्याच्या कामावर गेली. चित्र काढावयाचे तर नीट बघावे लागते. तिने एका नगरातल्या उभ्या दगडांवरच्या तारखा मांडल्या आणि तिच्या लक्षात आले, दगडांचा एकेक गट घेतला तर पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचे अंतर एका माणसाच्या आयुष्याएवढे असते. ही तारीख जन्माची, ही गादीवर बसल्याची. १९६० साली तिने ते छापले. ग्रहताऱ्यांचे गणित नव्हे. माणसांची चरित्रे होती ती. टॉम्प्सनसाहेबांनीही मान्य केले. आणि त्या दगडांवर पायघोळ झगा घातलेल्या आकृती होत्या, त्यांना सगळे पुरुष पुरोहित समजत आले होते. तिने दाखवले, अहो, ह्या बायका आहेत. राण्या, राजमाता. नावे लिहिली आहेत शेजारी!

शंभर वर्षे विद्वान त्या बायकांसमोर उभे राहून त्यांना बुवा म्हणत होते.

आता जरा आपल्या घराकडे. लग्नाच्या वेळी वारल्यांच्या घरात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आपण 'काढतात' म्हणत नाही, 'लिहितात' म्हणतो. त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागते. ह्या चित्रांविषयी हल्ली शहरातून येणारी मंडळी सर्रास सांगतात, ही पाच हजार वर्षांपूर्वीची चित्रलिपी आहे. ऐकून बरे वाटते. पण ज्या भिंतीला दर लग्नाला नवे शेण आणि गेरू लागतो, तिच्यावरून पाच हजार वर्षे मोजली कोणी? मला हे नवे विल्फर्ड वाटतात. ही कला जुनी असेल, कदाचित फार जुनी असेल. पण किती, ते भिंत सांगत नाही. आणि पाच हजार वर्षांच्या ह्या गप्पांत जवळच्या पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र राहून जाते. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्यांच्या हाताला शोभणाराच होता. पण त्याच्या आधी पिढ्यान् पिढ्या ज्या सवाशिणींनी ही भिंत लिहिली, त्यांतल्या किती जणींची नावे तुम्हांला-मला सांगता येतील? मी डोक्याला फार ताण दिला. माझ्या शाळेच्या गावातल्या दोघी आठवल्या. त्याही आडनावाशिवाय.

पांडवांच्या गोष्टीला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नका. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून पुराणातली सोंगे येतात, ती पाहावयास मी आजही जाते, आणि भीमाची गोष्ट नातवाला अजून सांगते. फक्त आता ती सांगून झाल्यावर म्हणते, ही गोष्ट झाली. आता भिंतीवर काय लिहिले आहे ते सांगते.

वेळ बराच झाला, चहाही आला आहे, तेव्हा एक काम सांगून थांबते. ह्या स्मरणिकेसाठी आपण मंडळाचे पहिले सभासद-पुस्तक काढले. पंचवीस वर्षांत वाळवीने कोपरे खाल्ले आहेत, पण आतली पाने शाबूत आहेत. पहिल्या पानावर वर्गणी एक रुपया, आणि त्याच्यापुढे सात निळे अंगठे. अंगठ्यांपुढे त्या वेळी कोणी नाव लिहिले नाही. घाई असेल, किंवा सगळ्यांना सगळ्या ठाऊक होत्या म्हणून असेल. चिटणीसबाई आणि मी आठ दिवस घरोघर हिंडलो. चार अंगठ्यांची नावे मिळाली. ती स्मरणिकेत छापली आहेत. त्यांतल्या दोघी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. तीन अजून राहिले आहेत. एक अंगठा फार लहान आहे, मुलीचा असावा असा. एकावर आडवी जखमेची खूण आहे. पुस्तक दाराशी टेबलावर उघडून ठेवले आहे, पेन्सिलही आहे. चहा घेऊन झाला की म्हाताऱ्या बायांनी तेवढे येऊन पाहावे.